घेरात न बसलेला पळस

माझं शिक्षण पळसाच्या पानांवर झालं असं मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला ती नुसती बोलण्याची पद्धत वाटते. तसं नाही. अळणावरजवळच्या आमच्या लहानशा गावात माझी थोरली बहीण पत्रावळी लावायची. त्या विकून माझ्या वह्या, पुस्तकं, शाळेची फी आणि पुढे धारवाडातल्या खोलीचं भाडं निघायचं. अप्पा लाकडाच्या डेपोत ओंडके चढवायच्या कामाला होते. त्यांची कमाई घर चालवायला लागायची, त्यापुढे ती जात नसे. आई मी लहान असतानाच गेली होती.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लग्न होऊन दोन वर्षांत तिचा नवरा वारला. ती परत माहेरी आली आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी विळा घेऊन गायरानात गेली, असं अप्पा सांगत. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. मला ती 'तम्मा' म्हणे. धाकट्या भावाला कानडीत तसं म्हणतात, आणि आमच्याकडे घरात मराठी असली तरी असे शब्द कुठून आले हे कुणी विचारत नाही.

आमचं गायरान गाव आणि रेल्वेचा रूळ यांच्यामधे होतं. उंच झाड तिथं एकही नव्हतं. सगळीकडे पळस, पण माणसाच्या कमरेइतका, फार तर खांद्याइतका. दरवर्षी पाऊस तोंडावर आला की बायका तो जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायच्या. मग बुंध्यातून नवे फोक फुटायचे आणि त्यांना ताटाएवढी पानं यायची. पळस वाढू दिला तर त्याचं झाड होतं, पान उंच जातं, लहान होतं, त्याला भोकं पडतात. म्हणून तो वाढू द्यायचा नाही. त्याचेही नियम होते. पाडव्याआधी पानाला हात लावायचा नाही. कुठल्या बाईनं कुठल्या बाजूचं तोडायचं हे ठरलेलं असे. आणि पळसाला पानं तीनच, तेव्हा शेंड्याची तिन्ही सोडायची; ती घेतली तर तो फोक मरतो. हे नियम कुठंही लिहिलेले नव्हते आणि मी लहानपणी ते कुणी मोडलेले पाहिले नाहीत.

तोडलेली पानं वाळवायची, दगडाखाली दाबायची, बांबूच्या बारीक काड्यांनी टाचायची. अक्काची बोटं बोलताना थांबत नसत. गठ्ठे सकाळच्या पॅसेंजरनं धारवाडला जायचे. तिथल्या दोन खानावळी, हुबळीत केशवापुरातला एक दुकानदार, असे तिचे ठरलेले लोक होते. गायरानातून इतरही पुष्कळ यायचं. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, वारुळावरची अळंबी, वैशाखात करवंदं, केरसुणीचं गवत. पण घर उभं होतं ते पळसावर.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. सत्तरचं दशक सरत असताना मी धारवाडला वनस्पतिशास्त्रात एमएस्सीला आलो आणि सप्तापुरात एका वर्गमित्राबरोबर खोली घेतली. तो नवलगुंदकडचा, काळ्या जमिनीतला, कानडी घरातला. आमच्या सरांबद्दल मी आजही कृतज्ञतेनंच बोलतो. माझं इंग्रजी त्यांनी सुधारलं, स्वतःची पुस्तकं दिली, आणि खेड्यातून आलेला म्हणून कधी कमी लेखलं नाही.

त्या वर्षी सरांकडे एक सरकारी काम आलं. तालुक्यातल्या गायरानांवर आणि पडीक जमिनींवर नीलगिरी लावायचं घाटत होतं. सरांचं म्हणणं होतं की सरसकट लावू नका. आधी कुठं काय उगवतं ते मोजू द्या, जिथं वनस्पतींच्या जाती जास्त आहेत त्या जागा सोडा. सरकारनं ते मान्य केलं. जमिनींचे तीन वर्ग करायचे ठरले: राखायची, सुधारायची, आणि नव्यानं लावायची. 'जैवविविधता' हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आलेला नव्हता. पण सर ज्यासाठी झटत होते ते तेच होतं. "सरकारला रडणं ऐकू येत नाही," ते म्हणायचे. "आकडा ऐकू येतो. आपण आकडा द्यायचा."

पद्धत अशी. नायलॉनच्या दोरीनं दहा मीटरची चौकट आखायची. तिच्यातल्या प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर घ्यायचा. घेर तीस सेंटिमीटर किंवा जास्त असेल तरच ते झाड म्हणून नोंदायचं. झुडपांची यादी वेगळी. कुठली जात वृक्ष आणि कुठली झुडूप हे पुस्तकाप्रमाणे आधीच ठरवून फॉर्मवर छापलेलं होतं. मग लॉगॅरिथमची कोष्टकं घेऊन प्रत्येक जागेतल्या जातींच्या विविधतेचा निर्देशांक काढायचा. शेवटी 'शेरा' म्हणून चार ओळींची मोकळी जागा होती.

निघण्याआधी सरांनी आम्हा सगळ्यांना एक गोष्ट बजावली. "ओळखीच्या गावात गेलात तरी परक्यासारखं मोजा. एका जागेला झुकतं माप दिलं तर सगळेच आकडे खोटे पडतील." मी ते वहीत लिहून घेतलं. गावांच्या यादीत आमचं गाव होतं, आणि ते माझ्या नि माझ्या खोलीतल्या मित्राच्या वाट्याला आलं.

आम्ही गेलो तो मार्च महिना होता. पळसाची जुनी पानं गळून गेली होती, नवी यायची होती. छाटलेल्या पळसाला फूलही फारसं येत नाही. त्यामुळे रुळापर्यंत सगळा उघड्या काटक्यांचा माळ दिसत होता. माझा मित्र कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आमच्या नवलगुंदकडं झाड बघायचं तर पाहुण्यांच्या गावाला जावं लागतं," तो म्हणाला. "तरी इथल्यापेक्षा बरं म्हणायचं की रे!"

दुपारी अक्का भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी घेऊन आली. बरोबर शेजारच्या दोन बायका होत्या. मी टेप घेऊन वाकलो होतो.

"काय मोजालास रे तम्मा?"

"झाडं."

"शिंप्याचा टेप घेऊन? सदरा शिवणार काय झाडाला?"

बायका हसल्या. मी सांगितलं, छातीच्या उंचीवर तीस सेंटिमीटर घेर भरला तर ते झाड.

"आणि नाही भरला तर?"

"तर नाही."

"अगं बाई! मग मीपण नाही म्हण की." तिनं मनगट पुढे केलं. "बघ, किती भरतंय."

"तुझा भाऊ सरकारी झाला गं," शेजारीण म्हणाली. "आता त्याला जाडी असेल तेच दिसणार."

माझा मित्र कानडीत म्हणाला, "अक्का, तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला मी लिहितो, दुर्मीळ जात म्हणून."

हसणं ओसरल्यावर अक्का खाली बसली आणि एका बुंध्याला हात लावून म्हणाली, "पण तम्मा, हे बारीक आहे ते आम्ही छाटतो म्हणून. तुला ठाऊक आहे की."

"ठाऊक आहे."

"मग लिही की तसं."

"फॉर्मात तसं विचारलेलं नाही, अक्का."

तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "विचारलं नाही तर कशाला सांगायचं," ती म्हणाली. "बरोबर आहे. तू बघ तुझं. आधी भाकरी खा."

सहा चौकटी झाल्या. झाडांच्या रकान्यात सहाही ठिकाणी शून्य आलं. पळसाला तीस सेंटिमीटर घेर नव्हता म्हणून तो झाडांत बसला नाही. आणि पुस्तकाप्रमाणे तो वृक्ष असल्यामुळे झुडपांच्या छापील यादीत त्याचं नाव नव्हतं. तिथं आम्ही करवंद, तरवड, घाणेरी एवढंच लिहिलं. पावसात उगवणारं काहीच तेव्हा जमिनीवर नव्हतं. ज्या गायरानात पळसाशिवाय नजरेला दुसरं काही पडत नव्हतं, त्याच्या कागदावर पळस हा शब्द एकदाही आला नाही.

परतीच्या गाडीत मित्र म्हणाला, "शेऱ्यात लिही."

"माझं गाव आहे."

"म्हणून तर लिही. मला कुठं काय ठाऊक होतं? मी पडीक म्हणून मोकळा झालो असतो."

"लोक म्हणतील बहिणीसाठी लिहिलं."

"बहिणीसाठी लिहिलं तर पळस खोटा होतो काय रे?"

मला वाटत होतं की मी काहीतरी अवघड आणि चांगलं करतो आहे. आपल्या माणसाचा फायदा दिसत असताना हात आवरतो आहे.

चार दिवसांनी सरांच्या टेबलावर कागद ठेवले. ते एकेक करून चाळत होते. आमच्या गावाच्या कागदावर ते थांबले.

"हे तुझ्याकडचं ना? शेऱ्यात काही लिहायचं आहे?"

"नाही सर."

"नक्की?"

"नक्की सर."

त्यांनी समाधानानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली सही केली.

त्या मोजणीनं काही जागा खरोखर वाचल्या, हे सांगितलं पाहिजे. एका गावची देवराई, एका तळ्याकाठचं रान. तिथं जाती पुष्कळ होत्या, घेर दांडगे होते. सर हरखून गेले होते. आमचं गायरान तिसऱ्या वर्गात, म्हणजे नव्यानं नीलगिरी लावायच्या जमिनींत, गेलं.

पुढच्या वर्षी पाडवा झाल्यावर अक्का सप्तापुरातल्या खोलीवर आली. हातात गठ्ठा नव्हता. गायरानात चुन्याच्या रेघा मारल्यात, ट्रॅक्टर येणार आहे, असं तिनं सांगितलं. पत्रावळी लावणाऱ्या बायकांनी बसून ठरवलं होतं की हिचा भाऊ शिकलेला आहे, तेव्हा हिनंच जाऊन साहेबांना भेटावं. तिनं धुवट इरकल नेसली होती, जी ती लग्नाकार्याला नेसायची.

आम्ही वनखात्याच्या ऑफिसात गेलो. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं अक्काला खुर्ची दिली, तिचं सगळं ऐकलं, आणि फाइल मागवली.

"बाई, ह्या जागेवर एकही झाड नाही," तो कानडीत म्हणाला. "आम्ही नाही सांगत. विद्यापीठाच्या लोकांनी जाऊन मोजलंय."

"कुणी मोजलंय?" अक्कानं विचारलं.

त्यानं कागदाच्या तळाचं नाव वाचून दाखवलं. ते माझं होतं.

मला वाटलं आता ती माझ्याकडे वळेल आणि विचारेल. तिचा चेहरा उलट उजळला. "हाच की तो!" ती म्हणाली. "हा माझा भाऊ. एमएस्सी आहे. त्यानं मोजलंय म्हणजे बरोबरच असणार."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. "काय? बरोबर आहे ना मोजणी?"

"मोजणी बरोबर आहे साहेब, पण..."

त्या 'पण'च्या पुढचं मी सगळं सांगितलं. पळस छाटतात का, घेर का भरत नाही, किती घरं त्यावर आहेत. सांगताना माझी जीभ अडखळत होती. त्यानं मधे तोडलं नाही. माझं झाल्यावर फाइल माझ्यासमोर फिरवली आणि विचारलं, "हे ह्यात कुठं आहे?"

शेऱ्याच्या चार ओळी कोऱ्या होत्या.

बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "साहेब चांगला आहे. बसा म्हणाला." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "तू किती नीट बोललास रे त्याच्याशी. कानडी, इंग्रजी, सगळं."

मी त्याच दिवशी सरांकडे गेलो आणि त्यांना पळसाचं सांगितलं. बहीण पत्रावळी लावते हेही तेव्हाच सांगितलं. त्यांनी एक कोरा फॉर्म काढून समोर ठेवला. मग म्हणाले, "चूक तुझी एकट्याची नाही. फॉर्म मी केला होता." त्यांनी स्वतः पत्र लिहिलं, मी अर्ज केला. रोपं आलेली आहेत, वाटप झालेलं आहे, एवढंच उत्तर आलं.

ट्रॅक्टर आला तेव्हा मी गावात होतो. पळसाची मुळं खोल असतात. नांगराचा फाळ त्यांत अडकून दोनदा वाकला. बायका रुळाच्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. कुणी आरडाओरडा केला नाही. अक्का मधेच पुढे गेली, उपसून पडलेले बुंधे गोळा केले आणि मोळी बांधून जळणाला घरी आणली. पुढची दोन वर्षं नीलगिरीच्या रांगांमधून पळसाचे फोक पुन्हा पुन्हा वर येत राहिले. राखणदाराला ते तण म्हणून काढायचा हुकूम होता. त्याच्या आधी जाऊन पानं तोडायला बायका बघायच्या, तर तो विळे काढून घ्यायचा. अक्काचे दोन विळे गेले. मग ती लांबच्या जंगलात जाऊ लागली, पण तिथल्या पळसाची झाडं होती, पान उंच आणि लहान. हळूहळू एकेक बाई घरी बसली. अप्पा वारल्यावर अक्का धारवाडला आली आणि ज्या खानावळीला ती पत्रावळी द्यायची तिथंच भाकऱ्या थापायला राहिली. तेव्हा तिथं स्टीलची ताटं आली होती.

सरांनी फॉर्म बदलला. पुढच्या मोजणीत घेराची अट काढली, पावसाळ्यात दुसरी फेरी ठेवली, आणि एक नवा रकाना घातला: 'या जागेतून लोक काय नेतात, कोण नेतं, आणि ते टिकावं म्हणून काय करतात.' हा रकाना भरायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मी गावोगाव फिरलो, चुलीपुढे बसून बायकांना विचारलं, पानंच्या पानं भरली. हल्ली या सगळ्याला निसर्गाच्या सेवा म्हणतात आणि त्या मोजायची शास्त्रं झाली आहेत. ती मी वाचतो. चांगली आहेत. त्या नव्या रकान्यामुळे आमच्याच तालुक्यातली दोन गायरानं तशीच राहिली. त्या गावच्या बायका मला दुवा द्यायच्या. तो घेताना माझी मान वर होत नसे.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आल्यावर मला हुबळीत विद्यानगरातल्या एका कॉलेजात नोकरी लागली. मी अक्काला खानावळीतून सोडवून घरी आणलं. ती घरात नुसती बसू शकत नसे. एका रविवारी दुपारी ती सुपात तूर निवडत होती. माझी बायको माहेरी गेलेली. इतकी वर्षं जे सांगितलं नव्हतं ते मी तिला तेव्हा सांगितलं. त्या कागदावर चार ओळींची मोकळी जागा होती. तिथं काहीही लिहिता येत होतं. सरांनी दोनदा विचारलं होतं.

तिचा हात थांबला.

"म्हणजे लिहिता आलं असतं?"

"आलं असतं."

"मग का रे नाही लिहिलंस?"

मी सांगितलं. परक्यासारखं मोजायचं होतं, आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नव्हतं, खोटेपणा नको होता. मी बराच वेळ बोलत होतो. ती ऐकत होती. मग तिनं अगदी हळू, मला लागू नये अशा बेतानं विचारलं,

"तुला लाज वाटली काय रे तेव्हा? तुझ्या सरांना कळेल म्हणून, बहीण पत्रावळी विकते?"

"नाही गं. तसं नव्हतं."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा खडे काढू लागली.

मी उठून बाहेर गेलो. एमएस्सीच्या पहिल्या महिन्यात सरांनी सगळ्यांची ओळख करून घेतली होती. घरी कोण कोण, काय करतात, असं एकेकाला विचारलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो. वडील लाकडाच्या डेपोत आहेत, असं सांगितलं. आणि बहीण घरी असते, असं सांगितलं होतं.